कोठारातली भाकरी

कोठाराचं दार उघडलं. आधी बाहेर आले किडे आणि त्यांच्या मागोमाग नाक दाबून कारभारी!

श्रावण अर्धा सरला होता, पाऊस बेपत्ता होता. अशाच दिवसांसाठी धारेराव राजाने हे कोठार बांधलं होतं. कोठार राजाचं, ते भरायचा मक्ता नागोशेठचा, अशी दोघांची भागीदारी. आता निम्मी ज्वारी किडीने खाल्ली होती, उरलेलीला कुबट वास येत होता, आणि बाहेर सात गावांची माणसं रिकाम्या टोपल्या घेऊन उभी होती.

"छप्पर गळतं, महाराज!" नागोशेठ म्हणाला. "नाहीतर माझी ज्वारी म्हणजे मोती होते, मोती!"

"माझं छप्पर गळतं?" राजा गरजला. "पोलादासारखं छप्पर आहे ते! तूच ओला माल भरलास!"

"मी? ओला?"

"मग काय मी?"

बराच वेळ हे चाललं. माणसं उन्हात तशीच उभी. शेवटी हट्टी राजाने पाय आपटला. "निम्मं नासतं ना? मग पुढच्या फाल्गुनात प्रत्येक शेतकऱ्याकडून दुप्पट ज्वारी घ्या! निम्मी नासली तरी पुरेल!"

"वा! किड्यांची चंगळ झाली!" गर्दीतून आवाज आला.

बोलली होती परडवाडीच्या सोपान शेतकऱ्याची लेक, येसू. सोपान तिचा हात ओढत होता, "गप बस गं! राजा आहे तो!" पण ती पुढे आलीच.

"महाराज, दुप्पट दिलं तर आमचं बियाणंही जाईल. मग पेरायचं काय? आणि पेरलंच नाही, तर तुम्ही कोठारात भरणार काय?"

"फार कळतं तुला!" राजा म्हणाला. "मग तूच राख कोठार! पुढच्या श्रावणात दार उघडेल तेव्हा एकही दाणा किडका दिसता कामा नये. पहारेकरी मिळणार नाहीत. खजिन्यातून कवडी मिळणार नाही. तोवर दुप्पटीचा हुकूम थांबेल. जमलं तर रद्द. नाही जमलं, तर पहिलं पोतं तुझ्या घरच्या बियाण्याचं!"

सोपानाने डोक्याला हात लावला. येसूने मात्र विचारलं, "शेठजी, तुमची ज्वारी मोत्यासारखी ना?"

"अगदी!"

"आणि महाराज, तुमचं छप्पर पोलादी?"

"शंका आहे?"

"मग मला एकच हुकूम द्या. आजपासून राजवाड्यात, शेठजींच्या घरी आणि कारभाऱ्यांकडे भाकरी होईल ती याच कोठारातल्या ज्वारीची. पोतं मी निवडीन. दुसरं धान्य चुलीवर चढणार नाही."

सात गावांसमोर फुशारकी मारून झाली होती. आता माघार कशी घेणार? राजाने शिक्का उमटवला. शेठने घाम पुसला.

त्या रात्री राजाने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ही भाकरी आहे की भिंतीचा पोपडा?"

"छपराच्या गळक्या कोपऱ्यातलं पोतं आलंय, महाराज," आचारी चाचरत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रंगमहालावरची कौलं उतरली आणि कोठारावर चढली. खजिन्यातली कवडीही लागली नाही! तिसऱ्या दिवशी राजा स्वतः शिडीवर उभा राहून ओरडत होता, "अरे, ती फट दिसत नाही का तुला?"

नागोशेठ जास्त हुशार. त्याने बरी ज्वारी वेचून पाच पोती भरली आणि खूण म्हणून लाल दोरा बांधला. येसूने ती पाचही पोती त्याच दुपारी गावांना वाटून टाकली.

"अगं, ती माझी होती!" शेठ कळवळला.

"कोठारात तुमचं-आमचं काय, शेठजी? उद्या तुमच्यासाठी कुठलं पोतं काढीन, मला तरी आज कुठं ठाऊक?"

शेठने मनात हिशेब केला. कुठलं येईल हे माहीत नाही, म्हणजे सगळीच चांगली हवीत!

फाल्गुनात ज्वारीची मळणी झाली. दरवर्षी शेठची माणसं खळ्यावर घाई करायची. ओली ज्वारी पडत्या भावाने उचलायची आणि तशीच कोठारात ओतायची. यंदा शेठ स्वतः आला. सोपानाच्या शेजारी उकिडवा बसून विचारू लागला, "सोपानराव, अजून किती दिवस ऊन द्यायचं?"

"दाताखाली धरा, शेठ. कट्ट वाजलं की भरा."

शेठने दाणा चावला. "वाजला नाही."

"मग थांबा."

"थांबतो. पण वाळल्यावर वजन घटेल, तुमचं नुकसान होईल."

"ते तुम्ही भावात भरून द्या की!"

शेठने एकदा तोंड उघडलं, कुबट भाकरी आठवली आणि मिटलं. भाव वाढवून दिला. गाड्या त्याने पाठवल्या, कडुनिंबाचा पाला गावांनी आणला, आणि आत येणारं प्रत्येक पोतं कारभाऱ्याने चावून घेतलं!

पुन्हा श्रावण आला. पाऊस पुन्हा उशीर करत होता. सात गावं टोपल्या घेऊन जमली. कोठाराचं दार उघडलं.

एकही किडा बाहेर आला नाही. खणखणीत, कोरड्या ज्वारीचा घमघमाट तेवढा आला. टोपल्या भरू लागल्या. राजाने तळाच्या पोत्यातला दाणा उचलून चावला. कट्ट!

"पोरी, खरं सांग," राजा म्हणाला. "चोरून पहारेकरी ठेवले होतेस ना?"

"ठेवले होते, महाराज. बत्तीस."

"बत्तीस! कुठं होते?"

"आपल्या तोंडात! तेवढेच शेठजींच्या, तेवढेच कारभाऱ्यांच्या. पगार न घेता रोज दोन वेळा कोठार तपासत होते. आधी हे धान्य फक्त आमच्या दातांना कळायचं, आणि आमच्या दातांचं ऐकतो कोण?"

राजा असा हसला, की नव्या कौलांवरची कबुतरं उडाली. नागोशेठही हसला, जरा उशिरा.

दुप्पटीचा हुकूम तिथेच फाडला गेला. येसू कोठाराची मुखत्यार झाली. राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्यापुढे धरलं. "घे! आणि आता तो भाकरीचा हुकूम मागे घे बाई!"

"तो तर आता कुठं मुरायला लागलाय, महाराज!"

असं म्हणून येसूने कडं घेतलं आणि हातात घालण्याआधी दाताखाली धरून पाहिलं.

राजा हसता हसता ज्वारीच्या पोत्यावर बसला.