व्यासपीठावरची विरळणी

शेती शिकवणाऱ्या शिक्षकांच्या कार्यशाळेत शिक्षणाधिकारी टिपरेसाहेबांनी बसल्या जागेवरून गवांदेबाईंना फर्मावलं, "माती-बियाण्याशिवाय दाट रोपांची विरळणी शिकवा. नाही जमलं, तर तुमच्या शाळेची शेतीची तासिका बंद!"

व्यासपीठावर पाहुणे खेटून बसले होते आणि साहेब मधोमध चेपले होते.

"साहेब, समोरचं पाणी प्या बरं," बाई म्हणाल्या.

साहेबांना कोपर हलवता येईना. बाईंनी शेजारच्या दोघांना नमस्कार करून व्यासपीठावरून खाली नेऊन बसवलं, तेव्हा कुठे साहेब पाणी प्यायले.

"दाटीतल्या रोपांचंही असंच होतं. ही झाली विरळणी."

साहेब म्हणाले, "तासिका राहील, बाई. पण मला कसं नाही उपटलंत?"

"विरळणीत रोपं निघतात, साहेब. तण काढायचा धडा उद्या आहे."

सगळ्यांत आधी साहेबच हसले.