लहानूने दोन कॉम्प्युटर जोडले

एक गाव होतं. धरणात बुडालेलं आणि टेकडीवर येऊन पुन्हा वसलेलं. त्या गावात एक भोळा शिपाई होता. त्याचं नाव लहानू.

लहानू वाचनालयात शिपाई होता. गावात शहाणी माणसं नव्हती असं नाही. पण त्यांतला एकही वाचनालयाच्या अध्यक्षांचा साडू नव्हता. लहानू होता. अध्यक्ष आबासाहेबांनी त्याची मुलाखत घेतली. विचारलं, "सांगितलेलं ऐकशील ना?" लहानू म्हणाला, "ऐकीन." नेमणूक झाली.

आणि लहानू खरंच ऐकायचा. तोच तर घोळ होता.

वाचनालय सांभाळायच्या उल्काताई. त्यांनी अकरा वर्षं खपून एक काम केलं होतं. बुडालेलं गाव ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, अशा त्रेचाळीस म्हाताऱ्या माणसांचं बोलणं त्यांनी रेकॉर्ड केलं होतं. कुठे कोणाचं घर होतं, कोणती विहीर गोड होती, पारावर कोण बसायचं. त्यांतली एकोणतीस माणसं आता नव्हती. त्यांचे आवाज तेवढे वाचनालयाच्या आतल्या खोलीत, जुन्या कॉम्प्युटरात होते.

तो कॉम्प्युटर आता शेवटच्या घटका मोजत होता. पेन ड्राइव्हच्या खाचा गेलेल्या. हलवला की बंद पडायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, "दोन दिवस काढेल. त्यातली वायरलेसची पट्टी अजून चालू आहे. दुसरा कॉम्प्युटर जवळ ठेवा आणि दोघांची थेट जोडणी करा. मध्ये इंटरनेट नको, काही नको. सगळं तिकडे उतरवून घ्या."

उल्काताई त्याला सोडायला स्टँडवर गेल्या. तिथूनच त्यांनी लहानूला फोन केला.

"लहानूभाऊ, आज दोन कॉम्प्युटर जोडायचेत. तयारी करून ठेवा."

"वायर आणू का ताई?"

"नको. हे वायरलेस आहे. वायर लागत नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

उल्काताई परत आल्या तेव्हा जुना कॉम्प्युटर बंद होता. लहानूने त्याची विजेची वायर काढली होती. पडद्याची काढली होती. कीबोर्डची, माऊसची काढली होती. पंख्याचीही काढली होती. सगळ्या वायरींची नीट वेटोळी करून टेबलावर मांडली होती. अंगणातली कपडे वाळत घालायची तारसुद्धा त्यात होती.

उल्काताईंनी वायरी परत लावल्या. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तिसऱ्यांदा कॉम्प्युटर खोकल्यासारखा घरघरला आणि सुरू झाला. उल्काताई मटकन खुर्चीत बसल्या.

"ऐका," त्या म्हणाल्या. "जे लावलेलं आहे ते लावलेलंच राहू द्यायचं. कोणी कितीही सांगितलं तरी काढायचं नाही."

"बरं ताई," लहानू म्हणाला.

उल्काताई घरी गेल्या. मुलीचा लॅपटॉप घेऊन परत आल्या. वाचनालयाचं दार बंद होतं. वारा सुटला होता म्हणून लहानूने आतून कडी लावली होती.

"लहानूभाऊ, दार उघडा."

"कडी लावलेली आहे ताई."

"मग काढा ती."

"लावलेलं काढायचं नाही."

"अहो, मी सांगतेय."

"कोणी कितीही सांगितलं तरी नाही. तुम्हीच म्हणालात."

बावन्न वर्षांच्या उल्काताई वाचनालयाच्या खिडकीतून आत आल्या. आधी लॅपटॉप, मग चपला, मग त्या. पदर खिळ्याला अडकून वीतभर फाटला. समोर न्हाव्याच्या दुकानात चार गिऱ्हाईकं होती. त्यांनी पाहिलं. एकही उठलं नाही. दाढी अर्धी राहिली असती.

उल्काताई धापा टाकत म्हणाल्या, "बाहेरून कोणी काही मागितलं तर आधी कोण आहे ते विचारायचं. ओळख पटली तर ऐकायचं. नाही पटली तर हाकलून द्यायचं. कळलं?"

"कळलं ताई."

मग कामाला सुरुवात झाली. लॅपटॉपची बॅटरी गेलेली होती, तो प्लगवरच चालायचा. आतल्या खोलीत प्लग एकच, तो जुन्या कॉम्प्युटरने अडवलेला. म्हणून लॅपटॉप बाहेरच्या दालनात ठेवला. मध्ये भिंत. उल्काताई आत जुन्या कॉम्प्युटरपाशी बसल्या. त्यांनी त्यावर वायरलेसचं एक जाळं उघडलं, त्याला 'जुनंगाव' असं नाव दिलं, पासवर्ड घातला. बाहेर लॅपटॉपपाशी लहानूला बसवलं.

"तुमच्या पडद्यावर 'जुनंगाव' दिसेल. ते दाबा. पासवर्ड मागेल. मी चिठ्ठीवर लिहून दिलाय तो घाला."

"दिसलं ताई. दाबलं."

बराच वेळ गेला. जुन्या कॉम्प्युटरवर काही येईना.

"लहानूभाऊ, पासवर्ड मागितला का?"

"मागितला."

"मग दिला का?"

"नाही. आधी विचारलं, कोण आहेस. बोलत नाही. पुन्हा विचारलं. तरी बोलत नाही. ओळख पटली नाही, मग हाकलून दिला."

"म्हणजे काय केलंत?"

"झाकण लावलं."

उल्काताई बाहेर आल्या. झाकण उघडलं. पासवर्ड स्वतः घातला. जोडणी झाली. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी थेट बोलायला लागले. पण कुजबुजल्यासारखे. सिग्नलच्या पाच काड्यांपैकी एक काडी उजळली, विझली, पुन्हा उजळली. पहिल्याच माणसाचा आवाज येता येता तीनदा तुटला.

"भिंत जाड आहे," उल्काताई म्हणाल्या. "दगडमातीची. दोघांच्या मध्ये काही नसलं की झरझर चालेल."

त्यांनी विचार केला. एक्सटेन्शन बोर्ड आणावा आणि लॅपटॉपच आत न्यावा. मधल्या दारात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचलेले होते. ते बाजूला केले की टेबल आत जाईल.

"मी गिरणीवाल्याकडून बोर्ड घेऊन येते. तोवर तुम्ही मधलं मोकळं करून ठेवा."

"सगळं?"

"सगळं. मध्ये काही दिसता कामा नये."

गिरणीवाला जेवायला गेला होता. उल्काताई त्याच्या ओट्यावर बसून राहिल्या. तो आल्यावर बोर्ड सापडेना. सापडला तेव्हा त्याची पिन तुटलेली निघाली. ती बदलून उल्काताई निघाल्या तेव्हा दोन तास झाले होते.

वाचनालयाच्या दारातून धूळ येत होती.

भिंत नव्हती. दगड अंगणात नीट रचून ठेवले होते. माती वेगळी. पहार आणि कुदळ धुऊन पायरीवर ठेवली होती. दालनाच्या मधोमध दाराची चौकट तेवढी एकटी उभी होती आणि तिच्यात वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते तसेच होते.

भिंतीवर टेकलेली तुळई आता अधांतरी होती. तिच्याखाली लहानूने एक वासा तिरका लावला होता आणि तो दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होता. घामाने निथळत होता. वरून माती गळत होती.

उल्काताई म्हणाल्या, "भिंत?"

"मध्ये तीच होती ताई."

"आणि हे गठ्ठे?"

"ते दारात आहेत. मध्ये कुठे आहेत?"

उल्काताईंनी लॅपटॉपकडे पाहिलं. पाचही काड्या उजळल्या होत्या.

त्यांनी वर तुळईकडे पाहिलं. मग लहानूच्या हातांकडे. जुना कॉम्प्युटर उचलला तर बंद पडणार, आणि एकदा बंद पडला की उठेलच असं नाही. त्यांनी लॅपटॉप बाहेरच्या उंबऱ्याजवळ ओढून घेतला आणि सगळे आवाज उतरवायला लावले.

"लहानूभाऊ, हलू नका. मी सांगेपर्यंत अजिबात हलू नका."

"नाही हलणार ताई."

आणि लहानू हलला नाही. नाकावर माशी बसली, तरी हलला नाही. आवाज एकेक करून नावाच्या क्रमाने येऊ लागले. अनुसया आली. कोंडिबा आला. गंगूबाई आली. उल्काताई एकेक नाव ओठांत म्हणत होत्या. पंधरा झाले. तीस झाले. अंगणात बघे जमले. कोणी म्हणालं, वाचनालय पाडतायत वाटतं, बरं झालं, समाजमंदिर होईल. आत येऊन वाशाला हात लावावा असं कोणाला सुचलं नाही.

बेचाळीस झाले. एकच राहिला. हिंदुराव तात्यांचा. आबासाहेबांच्या वडिलांचा. तो सगळ्यांत लांब होता, तात्या बोलायला लागले की थांबायचे नाहीत.

तेवढ्यात बघ्यांनी वाट करून दिली. आबासाहेब आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. वाचनालयात ते वर्षातून दोनदा यायचे, झेंडा लावायला.

"काय चाललंय?" आबासाहेब म्हणाले.

"आबासाहेब, एक मिनिट बाहेरच थांबा," उल्काताई म्हणाल्या. "तात्यांचंच येतंय."

"बाई, मी अध्यक्ष आहे. मला बाहेर थांबायला सांगू नका."

ते चौकटीला वळसा घालून आतल्या खोलीत गेले. भिंत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही. तुळई दिसली नाही. लहानू ताठ उभा आहे आणि आपल्याकडे पाहून नुसता हसतोय, एवढं मात्र बरोबर दिसलं.

"लहानू, नोकरी कोणी दिली तुला?"

"तुम्ही दिली आबासाहेब."

"मग अध्यक्ष समोर उभा आहे आणि तू खांबाला धरून उभा. नमस्कार करायची रीत आहे की नाही?"

"आबासाहेब, त्याला बोलू नका—" उल्काताई म्हणाल्या.

"तुम्ही थांबा हो बाई. नमस्कार कर, लहानू. दोन्ही हातांनी कर."

लहानूला हलायचं नव्हतं. तो हलला नाही. पाय तसूभर सरकवला नाही. त्याने फक्त वासा सोडला आणि दोन्ही हात जोडले.

उल्काताई लॅपटॉप छातीशी धरून अंगणात पोचल्या, लॅपटॉपात बेचाळीस माणसं होती. मागे आतल्या खोलीचं छप्पर तुळईसकट, कौलांसकट, साठ वर्षांच्या धुळीसकट खाली आलं. जुना कॉम्प्युटर आणि हिंदुराव तात्या त्याच्या तळाशी गेले.

धूळ बसायला वेळ लागला. बसली तेव्हा आबासाहेब कंबरेपर्यंत मातीत उभे होते. टोपी नव्हती. तोंडात माती गेल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांच्यासमोर लहानू उभा होता, डोक्यावर कौलाचा तुकडा, हात जोडलेले.

बघ्यांनी हाका मारल्या, बाहेर ये म्हणून. लहानू आला नाही. हातही खाली घेतले नाहीत. आबासाहेबांनी अजून "असू दे" म्हटलं नव्हतं.