रुग्णशाळेतली पेज

फार वर्षं झाली या गोष्टीला. नदीकाठच्या एका लहानशा राज्यात, राजवाड्याच्या मुदपाकखान्यात एक आचारी होता. त्याच्या हाताला अशी काही चव होती की परमुलखातले पाहुणे राजकारणाचं निमित्त काढून यायचे आणि मनातून जेवायलाच आलेले असायचे. त्याच्या मसालेभाताचा वास वेशीपर्यंत जायचा.

पुढे साठी उलटली. गुडघ्यांनी दगा दिला. भरलेलं पातेलं चुलीवरून उतरवताना हात थरथरू लागले. एक दिवस राजाने त्याला बोलावून घेतलं आणि मायेनं म्हणाला, "आचारीबुवा, आता हा पसारा नव्या माणसावर सोपवू या. गावाबाहेर आपली रुग्णशाळा आहे. दहा-बारा आजारी माणसं असतात तिथं. त्यांच्यापुरती पेज करत जा. तेवढं तुम्हाला झेपेल."

राजाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण 'झेपेल' हा शब्द आचाऱ्याच्या जिव्हारी लागला. ज्या हातांनी पाचशे पानांच्या पंक्ती उठवल्या, त्या हातांनी आता पाण्यात तांदूळ शिजवायचे!

तो रुग्णशाळेत गेला खरा, पण मन राजवाड्यातच राहिलं. सकाळी तो मूठ-मूठ तांदूळ न धुताच पातेल्यात टाकायचा, वर तांब्याने पाणी ओतायचा, चुलीत दोन जाडजूड लाकडं सारायचा आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. बसल्या बसल्या जुन्या पंक्ती आठवायचा. पेज कधी खाली लागायची, कधी नुसतं पाणी वर तरंगायचं, मीठ तर बहुतेक दिवशी राहूनच जायचं. आजारी माणसं बापडी मुकाट्यानं पिऊन टाकायची. कुणी तक्रार केली नाही, म्हणून आचाऱ्यालाही कधी काही वाटलं नाही.

एकदा तिथं एक बाळंतीण आली. कोवळी पोर, कुंभाराघरची. बाळ आठ दिवसांचं आणि हिच्या अंगात सारखा ताप. सोबत तिची आई होती. ती एका हाताने लेकीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायची आणि दुसऱ्या हाताने नातवाला कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध पाजायची.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली. म्हणाले, "औषध जालीम आहे. रिकाम्या पोटी दिलं तर सोसणार नाही. आधी हिच्या पोटात थोडी पेज जाऊ दे."

पण पेजेची वाटी जशीच्या तशी परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी भरलेली वाटी घेऊन तिची आई स्वयंपाकघराच्या दाराशी आली, तेव्हा आचारी वैतागला.

"काय नखरे आहेत हो बाई तुमच्या लेकीचे! माझ्या हातचं खायला राजे लोक थांबून राहायचे!"

आई ओशाळली. हळूच म्हणाली, "रागावू नका, दादा. तुमचं नाव आम्हीबी ऐकलंय. पण ही पेज तुम्ही चाखून बघितली का हो?"

एवढं बोलून तिने वाटी खाली ठेवली आणि ती बाळाकडे परत गेली. बाळ रडत होतं.

आचारी त्या वाटीकडे पाहत राहिला. आयुष्यात न चाखता त्यानं कुणाच्या पानात मीठसुद्धा वाढू दिलं नव्हतं. आणि रुग्णशाळेत येऊन चार महिने झाले, पेजेचा एक थेंबही त्याच्या जिभेवर पडला नव्हता. त्यानं बोट बुडवून चाटलं. करपट वास. दातांखाली खडा. दुसऱ्यांदा बोट बुडवायची त्याची हिंमत झाली नाही.

तो उठला आणि गुडघे धरत धरत बाळंतिणीच्या खाटेजवळ गेला. "बाई," तो तिच्या आईला म्हणाला, "लहानपणी हिला काय आवडायचं खायला?"

आईचे डोळे भरून आले. "ताकातल्या कण्या, दादा. आजारी पडली की तेवढंच मागायची."

आचाऱ्याने वैद्यबुवांना गाठलं. "ताक चालेल का हिला?"

"ताजं असेल, लोणी काढलेलं आणि पातळ, तर चालेल. पण एकदम वाटीभर नको. दर घटकेला दोन-दोन चमचे, तेही दर वेळी ताजं आणि कोमट. दोन दिवस असं पोटात टिकलं तर पोर हाती लागेल."

आचाऱ्यानं जुने तांदूळ निवडले, तीन पाण्यांनी धुतले, वाळवून कोरडे भाजले आणि जात्यावर भरडून त्यांच्या कण्या काढल्या. जाळ ओढून निखाऱ्यांवर पातेलं ठेवलं. ताक फुटू नये म्हणून ते पातळ केलं आणि चुलीपाशी बसून ढवळत राहिला. जिरं, किंचित सुंठ, चिमूटभर सैंधव. मग चाखलं. आणखी दोन कण मीठ घातलं, पुन्हा चाखलं, आणि फडक्यातून गाळून वाटी स्वतः घेऊन गेला.

पोरीनं दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. पण घेतलेले दोन चमचे पोटात राहिले.

तेवढ्यात दारात राजवाड्यातला जुना वाढपी हजर झाला. घामाघूम, पण चेहरा फुललेला. "चला, आचारीबुवा! उद्या राजकन्येचं लग्न. महाराज म्हणाले, बुवांना यायचं असेल तर अवश्य घेऊन ये. जिलबीचा पाक तुमच्या हातचा व्हावा अशी त्यांची इच्छा आहे. बाहेर पालखी उभी आहे, पालखी!"

चार महिने ज्याची वाट पाहिली, ते आज दाराशी आलं होतं. त्यानं पालखीकडे पाहिलं. मग खाटेकडे पाहिलं. बाळ आजीच्या मांडीवर झोपलं होतं आणि त्याची आई डोळे मिटून पडली होती. दुसऱ्या दोन चमच्यांची वेळ होत आली होती.

"महाराजांना माझा नमस्कार सांग," तो म्हणाला. "म्हणावं, निखाऱ्यावर पेज आहे. सोडून येता येत नाही."

"पेज?" वाढपी बघतच राहिला. "अहो, लग्न आहे!"

"ऐकलं मी. जा तू, उशीर होईल."

पालखी रिकामी परत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीपलीकडच्या राजवाड्यातून सनई-चौघड्यांचा आवाज येत होता. आता पानं मांडली असतील, आता जिलबी फिरत असेल, असं आचाऱ्याच्या मनात येऊन गेलं. त्यानं मान खाली घातली आणि कण्या ढवळल्या. तितक्यात आतून एक बारीक आवाज आला.

"आई, आणखी आहे का गं?"

'आणखी वाढा' हे शब्द त्यानं पंक्तीत हजारदा ऐकले होते. पण आज त्याच्या हातातली पळी गळून पडली. तो भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून वाटीत आणखी दोन चमचे घातले.

संध्याकाळी वैद्यबुवांनी औषध दिलं आणि तिला ते सोसलं. पाचव्या दिवशी ताप उतरला. नवव्या दिवशी तिने बाळाला पदराखाली घेतलं.

मधे एकदा वाढपी लग्नातली जिलबी घेऊन आला. आचाऱ्यानं भीत भीत विचारलं, "पाक कसा जमला रे?"

"खोटं कशाला बोलू, बुवा? फक्कड जमला. नव्या माणसाचा हात चांगला आहे. तुमची आठवण निघाली, पण अडलं काही नाही."

आचाऱ्याला जरासं टोचलं. मग त्यानं जिलबीचा तुकडा मोडला, सावकाश खाल्ला आणि म्हणाला, "खरंच चांगली झालीय. सांग त्याला मी म्हणालो म्हणून."

पोर घरी निघाली तेव्हा तिची आई त्याच्या पाया पडायला वाकली. तो पटकन मागे सरला. "अहो बाई, पाया कशाला पडता? तुम्ही विचारलं नसतं तर मी अजून ओट्यावरच बसून राहिलो असतो."

बाळाच्या गालाला बोट लावून तो लगबगीनं आत गेला. तिसऱ्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि त्याला काय आवडतं हे अजून विचारायचं राहिलं होतं.

तात्पर्य: काम मोठं की लहान, हे मोजत बसू नये. आज जे आपल्या हाती आलं आहे त्यावरच कुणाचा तरी जीव अवलंबून असतो, म्हणून त्यातच सगळा जीव ओतावा.