आपण गोमाजे कसे झालो

अवी, शाळेत आडनावाला हसले म्हणून मुसमुसतोयस ना? पुरे आता. पाय पांघरुणात घे आणि ऐक. तुम्हीही ऐका रे सगळे.

एक होता राजा, आणि त्याच्या राज्यात आडनाव कुणालाच नव्हतं. एकदा काय झालं, राजाने एका धोंडिबाला जेवायला बोलावलं. तर राज्यातले झाडून सगळे धोंडिबा पंगतीला येऊन बसले! राजाच्या वाट्याला खिरीचं रिकामं पातेलं आलं. मग राजा चिडला. त्याने दवंडी पिटवली, "प्रत्येक घराने आडनाव ठरवावं आणि दसऱ्याच्या आत दरबारात येऊन सांगावं!"

आता एका गावात गोमाजी नावाचा म्हातारा राहायचा. त्याला दोन मुलगे आणि येसू नावाची लेक. हा गोमाजी काय करायचा, माहितेय? लोकांच्या पाठी खाजवायचा! हसू नका. पाठीच्या मधोमध खाज सुटली की भल्याभल्यांचा हात पोचत नाही, बरं का. गोमाजीची बोटं बरोबर तिथे जायची. लोक शेरभर जोंधळे द्यायचे आणि माघारी हसायचे. गोमाजी तर सांगायचा, "तरणा होतो तवा खिंडीतल्या राक्षसाची पण पाठ खाजवली म्या." पोरांना वाटायचं, बा थापा मारतो.

दवंडी ऐकून गोमाजी म्हणाला, "माझ्या नावावरनं घ्या की रं. माझ्यामागं तेवढंच उरंल."

थोरला म्हणाला, "पाठखाजव्याचं नाव? लोक तोंडात शेण घालतील!"

धाकटा म्हणाला, "बा, जरा शोभंल असं बोल की."

 गोमाजीला फार फार वाईट वाटलं. येसूने ताकभाकरी पुढे ठेवली, ती तशीच राहिली.

दरबाराची वाट खिंडीतून होती आणि खिंडीत तो राक्षस बसायचा. शहाणी माणसं डोंगराला वळसा घालून जायची. पण या दोघांना घाई. का? तर चांगली चांगली आडनावं संपून जातील! मग थोरला शिरला खिंडीत.

राक्षसाने आपली म्हातारी माणसं विचारतात तसंच विचारलं, "कुणाचा रं तू?"

बापाचं नाव सांगायचं सोडून हा छाती काढून म्हणतो, "मी डोंगरफोडे!"

"अस्सं? मग हा डोंगुर फोड."

आता कसला फोडतोय! मग राक्षसाने त्याला डाव्या काखेत कोंबलं.

मागोमाग धाकटा आला. "कुणाचा रं तू?"

"मी हत्तीउचले!"

"मग मला उचल."

गेला उजव्या काखेत. आणि राक्षसाची काख म्हणजे, शी! सांगत नाही, झोप उडेल तुमची.

दसरा जवळ आला तरी भाऊ परतले नाहीत. म्हातारा दिवसभर वेशीवर वाट बघत बसायचा. मग येसू उठली. शेतातलं दंताळं घेतलं, लोखंडी दातांचं, आणि निघाली. राक्षस नुसता बोंबलत होता. पाठीला खाज सुटलेली आणि दोन्ही काखा भरलेल्या! पाठ घासून घासून कडा गुळगुळीत केला होता त्याने.

"कुणाची गं तू?"

"गोमाजीची."

 राक्षस हुंदके देऊन रडायलाच लागला. "माझा गोमाजी? हाय का अजून? पोरी, आधी माझी पाठ बघ गं!"

मग येसूने दंताळं ओढलं. खर्र, खर्र, खर्र. राक्षसाने सुखाने हात पसरले आणि दोघे भाऊ धपाधप खाली पडले.

"आन् ही शेंबडी पोरं कुणाची? खाऊ का?"

येसू म्हणाली, "त्यांनाच इचार की."

"कुणाचे रं तुम्ही?"

"गोमाजीचे! आम्ही गोमाजीचे!" दोघे असे ओरडले की पार दरबारात राजाला ऐकू गेलं.

मग दरबारात काही विचारायचं उरलंच नव्हतं. गोमाजीचे ते गोमाजे. राजा म्हणाला, "पण हा गोमाजी करतो काय?" थोरल्याने मान वर करून खरं ते सांगितलं. सगळा दरबार खो खो हसला. राजा मात्र हसला नाही. हळूच म्हणाला, "गोमाजे, जरा इकडे या. इथे. थोडं खाली. हां हां, तिथेच!" थोरल्याची बोटं बरोबर तिथे गेली. रक्त बापाचंच ना!

घरी येऊन दोघांनी बापाचे पाय धरले. म्हाताऱ्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "जल्मभर गावाची पाठ खाजवली रं. माझी कुणी खाजवलीच न्हाई." मग काय, एका बाजूने थोरला, एका बाजूने धाकटा. म्हातारा बसल्या बसल्या घोरायला लागला, आणि पुढे ते घर सुखात नांदलं.

तेव्हा अवी, उद्या कुणी हसलं तर हसू दे. त्यांच्याही पाठीला कधीतरी खाज सुटेलच. आता कूस वळवा सगळे, पाठी इकडे करा. मिटा डोळे, खाजवते.