भंडारविहिरीतले पिवळे बेडूक

बोरदऱ्याच्या भंडारविहिरीत आषाढात डोकावलं, तर पाण्यावर पिवळेधमक बेडूक दिसतात. शेजारच्या गावातले बेडूक चिखलाच्या रंगाचे, बेडकानं असावं तसे. इथले मात्र हळदीत बुचकळून काढल्यासारखे. विहिरीलगत तीन पालं मावतील एवढी जागा मोकळी आहे. एरवी वीतभर बांधावरून डोकी फोडणारं हे गाव, पण त्या जागेत कुणी खुंटी ठोकत नाही. आल्यागेल्याला याचं कारण रखमाजी गुरव सांगतात. देवळाच्या पायरीवर बसून, विहिरीकडे न बघता.

लागोपाठ तीन सालं पाऊस पडला नाही, तेव्हाची ही गोष्ट म्हणे. बायका दोन कोसांवरून पाणी आणत होत्या. अशात विहिरी खोदणाऱ्यांची तीन पालं माळावर उतरली. त्यांची म्होरकी यल्लूबाई, जमिनीतलं पाणी ओळखणारी पाणाडी. तिचा जन्म पालातला, पोरांचाही पालातला. पाणी लागलं की गावानं तोंडभर वाहवा करायची आणि यांनी पुढची वाट धरायची, असं तिचं आयुष्य गेलं होतं. आता सून पोटुशी होती. नातवाची नाळ पुरू तिथून पुन्हा उठायचं नाही, एवढी एकच आस तिला उरली होती.

तिनं सुभानराव पाटलाला आधीच सांगितलं, "पानी दावते. पर मग आमी हितंच ऱ्हानार, ह्याच हिरीचं पिनार."

"आक्का, पानी लागू दे," पाटील म्हणाला. "तुझं घर मी सोता बांधतो."

खंडोबाच्या देवळात पाटील, देवळाचा गुरव आणि गावचे आणखी तिघे, अशा पाच जणांनी बेलभंडारा उचलून तशी शपथ घेतली. यल्लूबाईनं त्यातलाच चिमूटभर भंडारा पदराच्या गाठीला बांधला. तिच्या लेखी घर तेव्हाच बांधून झालं होतं.

पाणी शोधायला ती बेडकांच्या मागे जाई. दुष्काळात बेडूक मागच्या पायांनी उकरत जिथे जमिनीत शिरतो, तिथे खाली ओल असते. तशी जागा तिला माळावरच, पालांच्या शेजारी सापडली. पण कुदळ मारण्याआधी तिनं एकेक बेडूक हातानं उचलला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि पालातल्या फुटक्या रांजणात ठेवला. आपल्या वाट्याच्या पाण्यातून ती रोज त्यांच्यावर शिंपडायची. ज्याचं घर मोडलं त्याला घर द्यायचं, हा पाणाड्यांचा नेम.

चार महिने खोदकाम चाललं. मधेच नातू झाला. भंडाऱ्यावर भरवसा ठेवून तिनं त्याची नाळ पालाच्या दारात पुरली. मग सात परस खोल गेल्यावर खडक फुटला आणि पाणी उसळलं. पहिली ओंजळ तिनं पाटलाला पाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील आला, बाकीचे चौघे मागे.

"आक्का, पालं उचला आता."

तिला वाटलं, थट्टा करतोय. ती हसलीसुद्धा. मग म्हणाली, "आन् भंडारा?"

"तवा घसा कोरडा हुता. कोरड्या घशाच्या बोलन्याला काय धरून बसतीस?"

तिनं उरलेल्या चौघांकडे पाहिलं. कुणी आभाळाकडे बघत होतं, गुरव आपल्या अंगठ्याकडे. आक्का म्हणून केसानं गळा कापला होता. हाकलणं तिला नवं नव्हतं, पण आजवर कुणी देवाचा भंडारा उचलून हाकललं नव्हतं. ते तिला फार लागलं.

तिनं पाण्याला शाप दिला नाही. पाणाडीच्या तोंडून तो निघालाच नसता. तिनं रांजण आणला, बेडूक एकेक करून विहिरीत सोडले आणि पदराची गाठ सोडून भंडारा त्यांच्यावर टाकला.

"मान्सांना जड झाली रं ही शपथ," ती म्हणाली. "तुमी सांभाळा."

पालं गेली. नाळ मागे राहिली.

त्या आषाढात पाऊस झाला आणि पाटलाच्या घागरीत पहिला पिवळा बेडूक आला, असं सांगतात. घागर ओतली, पुन्हा भरली, तरी तेच. पाटलानं चारी वाटांना माणसं धाडली. पालं कुठेच सापडली नाहीत. विहीर मात्र तेव्हापासून एकदाही आटली नाही, आणि हेच गावाला जास्त बोचतं.

आजही बोरदऱ्याच्या माणसानं बेलभंडारा उचलला, तर आसपासची गावं मानत नाहीत. सोयरीक असो की बांधाचा तंटा, दुसऱ्या गावचा जामीन लागतो. एखादा पाहुणा गोष्ट ऐकून हसतो आणि म्हणतो, "गुरव, हे खरं असेल तर घ्या शपथ."

रखमाजी तेव्हा कुठे विहिरीकडे बघतात.

"त्या पाचांत एक हात आमच्या घरचा हुता, पाव्हनं. शपथ मी कुठनं आनू? ती तिथं पवतीय."