वारा पडलेल्या दिवशीची लाट

“मग अजून काय उरलंय माझ्यात, बाबा?”

दिगंबरचा आवाज चढला होता. चढणारच की! अकरा वर्षं मठीत पाणी भरलं, झाडलोट केली, आणि आज दीक्षेचा दिवस उजाडला तरी नारोबाबा भगवी कफनी मांडीवर घेऊन तेच जुनं विचारत होते. रागाचं काय?

“राग कधीच गेला,” दिगंबर म्हणाला. “वडिलांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मी भावाला चारचौघांत म्हणालो, ‘तू इथून हल, मग शिवेल.’ तो उठून गेला. एवढंच काय ते झालं. आता आत वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही.”

बाबांची उभी हयात होडीच्या सुकाणूवर गेलेली. भगवं नेसले ते उतारवयात. त्यांनी समोर दर्याकडे पाहिलं. माडाची झावळीही हलत नव्हती.

“बरं... ही कफनी त्या खडकावर ठेव. आंघोळ करून ये आणि घाल.”

दिगंबरचा ऊर भरून आला. कोरड्या खडकावर त्याने कफनीची नीट घडी ठेवली आणि तो विहिरीकडे वळला.

मागे पाणी धपकन आपटलं. एक लांबलचक, फुगीर लाट खडकावर चढली आणि कफनी घेऊन उतरली. तो कमरेइतक्या पाण्यात धावला. हाताला काही लागलं नाही.

“वारा नाही, वावटळ नाही... ही मेली आली कुठून?” तो रडकुंडीला आला.

“लांब दर्यात वादळ झालं असेल. चार दिवसांमागे.”

“ते अजून आहे तिथे?”

“छे! कधीच विरलं.”

“आणि तिथलं पाणी इथवर आलं?”

“पाणी इथलंच. तिथून आला तो नुसता धक्का.”

दिगंबर भिजल्या अंगाने उभा राहिला. त्या दिवशी घाटावरून खाली मान घालून निघालेला भाऊ त्याला आज पहिल्यांदा नीट दिसला. चपला तिथेच राहिल्या होत्या बिचाऱ्याच्या.

“बाबा... माझ्या आत खरंच वारा नाही हो.”

“नसेल,” बाबा म्हणाले. “पण ते वादळाला नाही विचारायचं, किनाऱ्याला विचारायचं. जा... विचारून ये.”