किसणीचा राग

भांडीकुंडी अजून बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. पावसाळ्यात संध्याकाळी शेतातून मक्याची कोवळी, दुधाळ कणसं आली की किसणी ती किसायची आणि कढई तो कीस परतायची. जेवणारे बोटं चाटत म्हणायचे, "या कढईचीच चव हो!"

एकदा किसणीचं डोकं फिरलं. "झिजायचं मी आणि मिरवायचं हिने? आज एक दाणा किसणार नाही!"

"माझं अडलंय खेटर!" कढई फणफणली.

"बायांनो, माझं दूध आटतंय," कणीस कळवळलं.

"तू गप्प बस!" दोघी खेकसल्या.

दोन दिवस घर ताकभातावर राहिलं. शेवटी कढई नमली. किसणी तोऱ्यात कणसावर तुटून पडली. खाली दूध नाही, नुसता कोरडा चोथा पडला.

"घ्या," कणीस म्हणालं, "मिरवा आता दोघी!"